वासराचा कान

लहान मुलांना द्यावयाच्या वस्तूंचे दोन वर्ग असतात, असे माझे फार दिवसांचे मत आहे. एक, मोठ्यांनी पाहावयाच्या वस्तू. आणि दुसरा, मुलांनी धरावयाच्या वस्तू. बारशाला येणारी चांदीची वाटी, जरीची कुंची, गळ्यातली साखळी हा सारा पहिला वर्ग. कोणी काय दिले हे वहीत लिहिले जाते आणि चार दिवसांनी त्या वस्तू कपाटात जातात. दुसऱ्या वर्गातल्या वस्तूंची यादी कोणी करीत नाही. आजीच्या लुगड्याचा तुकडा, उशीचा विटका अभ्रा, आईच्या ओढणीचे टोक, दुपट्याची उसवलेली किनार! यांना बाजारात किंमत नाही. पण त्यांपैकी एखादी हरवली, तर रात्री बारा वाजता सारे घर दिवे लावून पलंगाखाली वाकलेले असते.

मी नांदेडला एका शाळेत बालवर्ग सांभाळते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दोन्ही कामे मुळात एकच आहेत. रडणाऱ्या माणसांशेजारी स्वस्थ बसता आले की ती जमतात. जूनच्या मध्यावर आमची शाळा उघडते. पहिले आठ दिवस वर्गात नुसता आकांत असतो. त्या आकांतात एखादे मूल मात्र कोपऱ्यात शांत बसलेले दिसते. त्याची एक मूठ घट्ट मिटलेली असते. खडू असेल, गोळी असेल, अशा समजुतीने नव्याने आलेल्या बाई ती मूठ उघडू पाहतात. मी उघडू देत नाही. त्या मुठीत बहुधा वीतभर फडके असते, आणि त्या फडक्यात त्याचे सगळे घर असते.

इंग्रजीत अशा फडक्याला 'सिक्युरिटी ब्लँकेट' म्हणतात. आपल्याकडे त्याला सर्वमान्य असे नाव नाही. ज्याचे तो ठेवतो. कुणाची ती 'गोधू', तर कुणाचे ते 'मऊमऊ'. लंडनमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. मनोविश्लेषणाचाही त्यांचा व्यासंग होता. त्यांनी 1951 साली या चिंध्यांवर एक निबंध वाचला आणि 1953 साली तो छापून आला. चार महिन्यांपासून वर्षाच्या आतबाहेर केव्हातरी मूल अशी एखादी वस्तू जवळ करते, असे त्यांनी सांगितले. ही वस्तू आई नव्हे हे मुलाला ठाऊक असते, आणि तरीही ती अगदीच परकी नसते. 'मी' आणि 'आई' यांच्यामध्ये जी नवी जागा तयार होऊ लागते, तिच्यात ती वस्तू बसते. शहाणे घर त्या वस्तूविषयी मुलाशी वाद घालीत नाही आणि ती सारखी धूतही नाही. पुढे एकाच वर्षाने, 1954 मध्ये, अमेरिकेतल्या चार्ल्स शुल्झ यांनी आपल्या 'पीनट्स' या चित्रमालिकेत लायनस नावाच्या पोराच्या हाती एक ब्लँकेट दिले, आणि पंडितांचा विषय घराघरांत पोहोचला.

आमच्या घरात तो पोहोचला तो मात्र एस.टी.ने. माझ्या बहिणीची मुलगी लातूरला एका दवाखान्यात परिचारिका आहे. माहेर आमचे उदगीरकडचे, सासर नांदेडचे. गेल्या माघात तिला मुलगी झाली. कायद्याने मिळणारी 26 आठवड्यांची रजा श्रावणात संपणार होती. नवऱ्याचे दुकान नांदेडला, नोकरी लातूरला. मधे लोहा, अहमदपूर, चाकूर करीत जाणारा तीन-साडेतीन तासांचा रस्ता. तान्ह्या मुलीला घेऊन रात्रपाळ्या होणार नाहीत. म्हणून ठरले असे, की पोर नांदेडला आजीजवळ राहील आणि आई दर शनिवारी संध्याकाळी येईल. ठरवताना सगळे फार समजूतदारपणे बोलले. भाची एकटी माझ्याकडे आली, तेव्हा मात्र ती म्हणाली, "मावशी, ती रडली तरी मला सोसणार न्हाई, आणि न्हाई रडली तरी सोसणार न्हाई."

या वाक्यापुढे मावशीने काय बोलावे? मी क्रोशाची सुई शोधायला उठले.

माझा हा बेत विहीणबाईंना मुळीच पसंत पडला नाही. "चिंध्या कशाला पायजेत लेकराला? आम्ही हावोत की घरात!" असे त्यांनी सुनावले. त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. 1970 साली इटलीतील गाद्दिनी दांपत्याने एक पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यातल्या शंभर मुलांत सुमारे पाचच मुलांना अशी वस्तू लागत होती. रोम शहरातल्या मुलांत हे प्रमाण सुमारे 31 होते. आणि रोममध्ये राहणाऱ्या इंग्रजी वळणाच्या परदेशी घरांत सुमारे 61. मूल आईच्या कुशीत झोपते तिथे फडक्याची गरज कमी, असाच याचा अर्थ लावला गेला. म्हणजे विहीणबाई आणि इटलीतले पंडित यांचे एकमत होते. विहीणबाईंना मी हे सांगितले नाही. त्यांना तसा कुणाच्या दुजोऱ्याची गरज नसते.

पण मला दुसरेही दिसत होते. आपल्या मुलांना फडके लागत नव्हते, कारण त्यांच्याजवळ पदर होता. मूल पदर धरून उभे राही, पदराला नाक पुसी, पाहुणे आले की पदरात तोंड लपवी. शेतात बाभळीला जी झोळी बांधत, तीही आईच्याच जुन्या लुगड्याची. साऱ्या बालपणाला एक फडके पुरून उरत होते आणि ते आईच्या खांद्यावरच असल्यामुळे त्याला वेगळे नाव द्यायचे कोणाला सुचले नाही. आज माझी भाची पांढऱ्या गणवेशात कामाला जाते. त्या गणवेशाला पदर नाही. असता, तरी तो सोमवारी पहाटेच्या गाडीने लातूरला गेला असता.

क्रोशा मला येतो तो रुखवतामुळे. आमच्या वेळी लग्न ठरायच्या आधीच मुलीच्या हाती सुई येई. तांब्यावर घालायचे मण्यांच्या काठाचे झाकण, टी.व्ही.वरचा रुमाल, दारावरचे तोरण यांनी रुखवताचे टेबल भरून जाई. हे सारे माझ्या पहिल्या वर्गातले सामान. त्याला कोणी हात लावू नये, अशीच अपेक्षा असे. आता त्याच सुईने हाताळून मळवण्याची वस्तू करायची होती.

ही सुई मुळात आपल्याकडची नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपात ही कला बहराला आली. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा हजारो बायकांनी क्रोशाच्या जाळीवर घर चालवले. त्याच सुमारास, 1844च्या आसपास, स्कॉटलंडच्या मिशनरी मंडळींनी हे काम आंध्रात नरसापूरला आणले. नांदेडच्या घाटावरून वाहत जाणारी आपली गोदावरी पुढे समुद्राला मिळते, तिथले हे गाव. तिथल्या क्रोशाच्या जाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 1982 साली मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर एक पुस्तक लिहिले, त्यात मजुरी किती तुटपुंजी होती हे वाचले की मन खिन्न होते. पण त्या कामाची एक सोय होती. लेकरू मांडीशी ठेवून ते करता येई. माझ्या भाचीला पगार चांगला आहे, आणि लेकरू मांडीशी नाही. बायकांच्या वाट्याला दोन्ही गोष्टी एकदम कधी येणार, कोण जाणे!

आता विणायचे काय? हल्ली मोबाइलवर नमुन्यांचा सुकाळ आहे. हातरुमालाएवढे चौकोनी फडके आणि त्याच्या मधोमध एखाद्या प्राण्याचे डोके, अशी त्याची सर्वसाधारण रचना. प्राणी मात्र बहुतेक पाहुणे: कोआला, कोल्हा, ध्रुवावरचे अस्वल. अस्वलाला नांदेडच्या मे महिन्यात आणून घालणे माझ्या जिवावर आले. मी म्हटले, वासरू करू. दूध जवळचे, 'हम्मा' हा शब्द लौकर येणारा, आणि दिवाळीचा पहिला दिवस तरी कोणाचा? वसुबारसेचा, म्हणजे गाय-वासराचा. पुष्कळ घरी त्या दिवशी बायका गाईच्या दुधातुपाला शिवत नाहीत. त्या दिवसाचे दूध वासराचे. आणखीही एक गोष्ट मला फार आवडते. आईच्या मायेला आपण 'वात्सल्य' म्हणतो. तो शब्द 'वत्स' या शब्दावरून आला आहे, आणि वत्स म्हणजे वासरू. आपल्या भाषेने आईच्या प्रेमाला नाव देताना आईकडे पाहिलेच नाही. तिने गोठ्यात जाऊन वासराकडे पाहिले.

वासरू सर्वांना पटले. पण कोणते वासरू, यावर घरात दोन तट पडले. पोरीचे आजोबा मूळचे कंधारचे. कंधारचे नाव ज्या जनावराने दूरवर नेले, ती लाल कंधारी त्यांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली. गडद लाल, डौलदार, कामाला कणखर. आमचे माहेर पडले उदगीरच्या बाजूचे. पूर्वीच्या उदगीर तालुक्यातले देवणी गाव आमच्यापासून जवळ, आणि देवणी गाय म्हणजे आमचा अभिमान. पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांची ती शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा, आणि पोटाकडे तेवढे ठिपके असले की बालंक्या. आजोबा म्हणाले, "कंधारच्या घरात ठिपक्याचं वासरू? पाहुणे काय म्हणतील?" मी म्हटले, "विणणारी देवणीकडची आहे." दोन जिल्ह्यांचा हा तंटा तीन दिवस चालला. शेवटी भाचीच म्हणाली, "तान्ह्या लेकरांना काळं-पांढरं लौकर दिसतंय म्हणे, मावशी." परिचारिकेचे मत पडल्यावर आजोबा गप्प बसले. वासरू देवणी ठरले.

लोकर मी घेतली नाही. आमच्या हवेत ती सोसत नाही आणि तिचे तंतू तोंडात जातात. मऊ सुती दोरा घेतला. 65 साखळ्या घातल्या आणि त्यावर मुक्या खांबांच्या ओळी चढवीत गेले. उंच खांबांची जाळी दिसायला नाजूक, काम भराभर उरकणारी. पण तिच्या भोकांत तान्ह्या बाळाची बोटे अडकतात. मुका खांब ठेंगणा, घट्ट आणि अतिशय सावकाश. 75 ओळी झाल्या तेव्हा फूटभर चौकोन हाती आला. हिशेब केला तर 4800 टाके! डोके गोलात विणले. सहा खांबांनी सुरुवात, दर फेरीला सहा वाढवायचे, मग तसेच कमी करीत यायचे. आत आपल्या मराठवाड्याचा कापूस भरावा असे फार मनात होते. परंतु धुतल्यावर त्याचे गोळे होतात, म्हणून धुता येईल असे भरण घातले. कान मात्र रिकामे आणि लांब ठेवले. देवणीचे कान तसे लोंबतेच असतात.

डोळ्यांना मणी लावायचे नाहीत, बटणे तर नाहीतच. ती सुटून घशात जाण्याचे भय. डोळे मी काळ्या दोऱ्याने भरले. विहीणबाई आता हळूहळू कामात रस घेऊ लागल्या होत्या. त्यांनी गळ्यात बांधायला पितळेचे घुंगरू आणले. घुंगरू केवढे सुरेख! पण तेही मला नाकारावे लागले. मग त्याच जागी पिवळ्या दोऱ्याचे घुंगरू भरले. वाजत नाही, एवढेच.

पाठीला अस्तर हवे होते. माझ्या आईचे जुने सुती नऊवारी होते. इतके धुतलेले, की हातात घेतले तर आहे की नाही कळू नये. आपल्याकडे बाळाला पहिले अंगडे जुन्या कापडाचे घालतात. दृष्ट लागू नये म्हणून, असे सांगतात; पण ज्या कुणी ही रीत पाडली, तिला नव्या कापडाची खर आणि बाळाची कातडी दोन्ही ठाऊक असली पाहिजेत. त्या लुगड्याचा तुकडा मी पाठीला लावला. दोऱ्याची सारी टोके त्याच्या आत गेली.

एवढे झाल्यावर मन मात्र थोडे खट्टू झाले. लहानपणी गोठ्यात पाहिलेली एक गोष्ट आठवली. वासरू मेले की गाय पान्हा चोरते. मग त्या मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करीत. ती त्याला चाटी आणि दूध देई. त्या वयात मला ते पाहवत नसे. आता मी जे करीत होते, ते त्याच जातीचे तर नव्हते? तिथे गाईला वासरू म्हणून पेंढा दिला. इथे वासराला आई म्हणून दोरा?

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग 1958 साली गाजले. पिलांना आयांपासून तोडून त्यांना दोन बनावट आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईजवळ असली, तरी पिले दूध पिऊन कापडाच्या आईकडे येत आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिलाच बिलगून असत. माया केवळ दुधाने लागत नाही, हे जगाला त्यातून कळले. पण त्याची किंमत त्या पिलांनी मोजली. कापडाच्या आईजवळ वाढलेली ती पिले मोठेपणी धड कळपात राहू शकली नाहीत. कारण त्यांची खरी आई शनिवारी येत नव्हती.

इथेच मला माझे उत्तर मिळाले. पेंढ्याचे वासरू खोट्यासाठी उभे केलेले असते. जे परत यायचे नाही, त्याच्या जागी ते असते. दुपट्यातले वासरू येणाऱ्या माणसासाठी जागा धरून ठेवते. एस.टी.त आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसे. रुमालाला कोणी प्रवासी समजत नाही. पण ज्याचा रुमाल, तो चढणार आहे, हे मात्र सर्वांनी मानायचे असते.

म्हणून मी ते वासरू आधी पोरीला दिले नाही, भाचीला दिले. "महिनाभर उशाशी घे," म्हटले. दूध पाजताना तिने ते अंगाशी धरले. त्याला दुधाचा, पावडरचा, घामाचा वास लागला. डॉक्टरांचा एक दंडक तिने सासूबाईंना चारदा पढवून ठेवला: वर्षाच्या आतल्या मुलाला झोपेत तोंडाशी सुटे कापड, उशी, खेळणे काही ठेवायचे नाही. तेव्हा वासरू जागेपणी आणि मांडीवर. डोळा लागला की अलगद काढून घ्यायचे.

श्रावणातल्या एका सोमवारी ती गेली. मी शाळेतून परस्पर तिच्या घरी गेले. पोर दुपारभर रडली होती आणि विहीणबाईंचे डोळेही कोरडे नव्हते. त्यांनी मला पाहून न बोलता वासरू तिच्यापुढे धरले. मला वाटले होते, ती ते काळे-पांढरे डोके पाहील, ठिपक्यांना हात लावील. तिने डोक्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उलटे करून, एक कान मुठीत धरून, लुगड्याची बाजू गालाशी घेतली आणि कानाचे टोक चोखायला लागली. 4800 टाक्यांतले तिला फार तर शंभर पसंत पडले! कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला याचे नवल वाटू नये. आपण चारशे पाने लिहावी आणि वाचकाने त्यातली एखादी म्हातारी तेवढी जन्मभर जवळ बाळगावी, हा अनुभव आम्हांला नवा नसतो.

त्या शनिवारी संध्याकाळी भाची दारात उभी राहिली, तेव्हा मी तिथे होते. पोर आजीच्या कडेवर, कान मुठीत. आईला तिने क्षणभर निरखले. भाचीचा चेहरा मला पाहवेना. विसरली असेल का, हा प्रश्न त्यावर स्पष्ट लिहिलेला होता. मग पोरीने मूठ उघडली. वासरू खाली पडले, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

ते उचलायला कोणी वाकले नाही. बराच वेळ ते उंबऱ्याशी पडून होते, आणि मला वाटते, हाताने केलेल्या माझ्या कुठल्याही वस्तूचा एवढा गौरव आजवर झाला नव्हता. आई दिसताच जे टाकून देता येते, ते आपले काम चोख करीत आले आहे असे समजावे.

दिवाळी आली, की आमच्या शाळेत एक वेगळीच गळती सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांतून माणसे साखर कारखान्यांच्या मुलखाकडे जातात. काही मुले बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. जी राहतात, त्यांचे शनिवार चार-पाच महिन्यांनी येतात. गेल्या वर्षी अशाच एका मुलाजवळ आईच्या साडीचा पट्टा होता. त्याची आजी तो धुवायला काढी आणि तो धुवू देत नसे. मी आजीला म्हटले, "राहू द्या, मावशी. पाडव्यापर्यंत मळू द्या." चैत्रात त्याची आई आली. दुसऱ्या दिवशी तो मोकळ्या हातांनी शाळेत आला. पट्ट्याचे काय झाले, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

वाचकहो, तुमच्या घरी या दिवाळीला सफाई निघेल. माळ्यावरून, गादीखालून एखादे विटके, चोखून कडक झालेले, आंबूस वासाचे फडके हाती येईल. ते ज्याचे असेल त्याला विचारल्यावाचून टाकू नका. आणि त्याचा धनी आता मिशा फुटलेला कॉलेजकुमार असेल, तर चारचौघांत विचारू नका, एवढेच!

मी सध्या दुसरे वासरू विणीत आहे. पहिले धुवायला टाकले की घरात अनर्थ होतो, म्हणून तसेच एक बदलीला हवे. 'तसेच' म्हणून मी काळा-पांढरा दोरा आणायला निघाले होते. पण विहीणबाईंनी निरोप पाठवला, की आजोबा दोन दिवस जेवताना बोलत नाहीत. तेव्हा हे वासरू लाल कंधारी होणार आहे. पोर त्याला हात लावील की नाही, सांगता येत नाही. कान मात्र मी तेवढेच लांब ठेवले आहेत, आणि पाठीला अस्तर त्याच लुगड्याचे आहे.